कुत्रा येण्याआधी मांजराची तयारी

आमच्या कर्वेनगरच्या टू बीएचकेमध्ये आमची मांजर ठमी सात वर्षं राहतेय. खिडकीशी सासूबाईंची बजी पाखरांची जोडी असते. गेल्या वर्षी जानेवारीत या घरात चार महिन्यांचं एक देशी पिल्लू आलं. ते यायच्या आधी आम्ही उत्साहाने खरेदी केली: पट्टा, वाट्या, गादी, चावायची खेळणी. सगळं पिल्लासाठी. ठमीसाठी काहीच नाही, कारण ती काय, घरातलीच! पिल्लाला हॉलमध्ये सोडलं, त्याने ठमीला पाहून आनंदाने झेप घेतली, आणि ठमी जी माळ्यावर गेली ती दोन दिवस खाली उतरली नाही. जेवण तोंडात नाही. शेवटी पिल्लाला नणंदेकडे पाठवलं आणि तीन आठवड्यांनी सगळं नव्याने, शहाणपणाने केलं. ही यादी त्या दुसऱ्या खेपेची आहे.

आधी कॅलेंडर काढा. पुण्यात गणपतीच्या महिना-दीड महिना आधीपासून नदीपात्रात ढोल-ताशांचा सराव सुरू होतो आणि आमच्यासारख्या नदीजवळच्या घरांत संध्याकाळी काचा थरथरतात. पुढे दिवाळीचे फटाके. तो सगळा काळ सोडा. घरात रंगकाम निघणार असेल, मुलांची दहावी असेल, तर तेही होऊन जाऊ द्या. आणि पिल्लू येईल त्या दिवसापासून घरातल्या एकाने तरी चार-पाच दिवस रजा टाकलेली असावी. शनिवारी आणायचं आणि सोमवारी दोघांना घरात ठेवून ऑफिसला जायचं, हे करू नका.

दुसरं काम सुताराचं. यादीतलं सगळ्यात महत्त्वाचं हेच. बेडरूमच्या चौकटीला मूळ दार असतंच, त्याच चौकटीत एक जाळीचं दार बसवून घ्या. जुन्या वाड्यांत नि बैठ्या घरांत डासांसाठी असायचं तसं, फक्त जाळी जाड तारेची. लहान मुलांसाठी मिळणारं फाटक अडकवून भागेल असं आम्हाला वाटलं होतं. पण देशी पिल्लू पाच महिन्यांचं झालं की तेवढ्या उंचीवरून सहज उडी मारतं. जाळीच्या दाराचा फायदा असा, की दोघांना एकमेकांचा वास येतो, आवाज येतो, दिसतंही, पण कोणी कोणाच्या अंगावर जाऊ शकत नाही. पहिले काही दिवस त्यावर जुनी चादर टाचून ठेवा आणि रोज वीतभर वर सरकवा. आमच्याकडे पहिल्या दिवशी चादरीखालून फक्त पिल्लाचं नाक दिसत होतं, काळं, ओलं, सारखं हलणारं. ठमी खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला बसून त्या नाकाकडे बघत होती. चौथ्या दिवशी ती उठून आली, नाकापासून हातभर अंतरावर बसली आणि मुद्दाम पाठ करून अंग चाटायला लागली. मांजराने पाठ केली म्हणजे रुसलं असं आपण समजतो. पण धोका वाटतो त्याच्याकडे मांजर पाठ करत नाही. त्या रात्री आम्ही चादर आणखी वर घेतली.

ती बेडरूम मांजराची. तिथे तिचं पाणी, तिचं खाणं, शी-शूसाठी माती भरलेला ट्रे, झोपायची जागा, सगळं पिल्लू यायच्या दोन आठवडे आधीच हलवा. पिल्लू आलं आणि त्याच दिवशी हिची रवानगी खोलीत झाली, तर ती दोन गोष्टींचा संबंध लावते. ट्रे कोपऱ्यात कोंडून ठेवू नका. मांजराला पळायला दोन वाटा दिसल्या पाहिजेत. नाहीतर ती ट्रे सोडून गादीवर करेल आणि आपण तिलाच रागवू. पुढे दार उघडं राहायला लागलं की ट्रेची वेगळी काळजी, कारण मांजराची शी म्हणजे कुत्र्याला मेवा. आम्ही दाराला कडी आणि जाड दोरी लावली: ठमी फटीतून अलगद जाते, पिल्लाचं डोकं अडतं.

मग उंची. कुत्र्याचं घर जमिनीवर असतं, मांजराचं हवेत. एक दुपार काढा आणि मांजराच्या नजरेने घर पाहा: बेडरूममधून स्वयंपाकघरापर्यंत जमिनीवर पाय न टेकता जाता येतं का? आमच्याकडे कपाट ते पुस्तकांचा रॅक जमत होतं, पुढे दीड मीटरचा खड्डा होता. रविवार पेठेत बोहरी आळीतून ब्रॅकेट आणल्या, सासऱ्यांनी दोन फळ्या ठोकल्या, वर जुनी सतरंजी चिकटवली म्हणजे नखं घसरत नाहीत. आता तिची वाट फ्रिजवर संपते. तिथे बसून ती खाली बघते आणि शेपटीने फ्रिजवरचे मॅग्नेट एकेक करून पाडते. बाल्कनीला कबुतरांची जाळी असेल तर ती हाताने ओढून बघा. घाबरलेलं मांजर त्या जाळीवर चढतं.

खाण्याची भांडी वेगळी, जागा वेगळ्या, वेळा मात्र एकच. मांजराचं खाणं उंचावर. इथे एक बोलायलाच हवं. आमचं घर शाकाहारी, आणि बरेच जण मांजराला दूध-पोळी, दूध-भातावर ठेवतात. कुत्रा वरण-भाताशी एकवेळ जुळवून घेतो, मांजर नाही. तिला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते मुख्यतः मांसातूनच मिळतं, आणि ते कमी पडलं तर डोळे नि हृदय बिघडतं. म्हणून कुत्र्याचं खाणं संपलं नाही तर मांजराला घालू, ही काटकसर करू नका. मोठ्या मांजराला बहुतेक वेळा दूधही पचत नाही. सासूबाईंना हे पटायला वर्ष लागलं.

डॉक्टरांकडे दोघांच्या लसी पूर्ण करून घ्या. पिल्लाला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. नखं कापायला शिकून घ्या, विशेषतः मांजराची, कारण पिल्लाच्या डोळ्यावर बसलेला एक ओरखडा महागात पडतो. आणि हे ठळक अक्षरांत लिहून कपाटावर चिकटवा: कुत्र्याच्या गोचिडांचं औषध मांजराच्या जवळ नको. मानेवर टाकायच्या काही थेंबांमध्ये पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराच्या यकृताला ते मोडता येत नाही. झटके येऊन मांजर दगावू शकतं. पावसाळ्यात गोचिडं वाढली की दुकानदार हातात देईल ते औषध घेऊ नका, ‘घरात मांजर आहे’ हे डॉक्टरांना सांगून मगच घ्या. पॅरासिटामॉलचंही तसंच, मांजराला एक गोळीसुद्धा जिवावर बेतते. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट दोघांच्याही आवाक्याबाहेर. वाढदिवसाला येणाऱ्या गुच्छात लिली असेल तर तो शेजारी देऊन टाका, तिच्या परागांनीही मांजराची किडनी जाते.

वासाची ओळख आधी, तोंडओळख नंतर. एक जुना पंचा घ्या, मांजराच्या गालांवरून फिरवा आणि पिल्लाच्या गादीखाली ठेवा. पिल्लाच्या अंगावरून फिरवलेला मांजराच्या ताटलीजवळ. आम्ही पिल्लू नणंदेकडे असतानाच हे सुरू केलं होतं, नवरा ऑफिसच्या बॅगेतून पंचे ने-आण करायचा. पंचा पाहून मांजर फिस्कारायचं थांबलं की पुढची पायरी.

पाखरांची ओळख मात्र कोणाशीच करून द्यायची नाही. मांजराचा दात किंवा नख नुसतं लागलं तरी त्यातल्या जंतूंनी पाखरू मरू शकतं. पिंजरा बंद दाराच्या खोलीत, भिंतीच्या हुकाला. तेवढ्यासाठी सासूबाईंनी आपली खोली दिली. (पाखरांचा विषय निघाला म्हणून सांगते: नॉनस्टिक तवा रिकामा तापू देऊ नका, त्याच्या वाफेने पाखरं पटकन जातात. आणि पिंजऱ्यात राघू असेल तर तो पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, बजीची गोष्ट वेगळी.)

माणसांची तयारी राहते. कामाच्या मावशी, इस्त्रीवाला, कचरा न्यायला येणारी मुलगी, प्रत्येकाला दाराचं सांगा. सासऱ्यांनी जाळीच्या दारावर कागद लावला: ‘आत ठमी आहे. दार लोटू नये, लावावे.’ सोसायटीत कुरकुर झाली तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना दाखवा. बहुमताने ठराव करूनही प्राणी पाळायला बंदी घालता येत नाही. महापालिकेचा परवाना काढून टाका.

प्रत्यक्ष भेटीच्या दिवशी पिल्लाला आधी भरपूर दमवा. पट्टा घाला, पण ताणू नका. ताणलेल्या पट्ट्याने कुत्रा आणखी इरेला पेटतो. मांजराला उचलून समोर आणू नका. ती तिच्या फळीवरून येईल, नाहीतर येणार नाही. पाच मिनिटं पुरे. भुंकणाऱ्या पिल्लाची काळजी कमी करा. तोंड मिटून, अंग ताठ करून टक लावून पाहणाऱ्याची जास्त. नाव घेतल्यावर त्याची मान वळली तर लगेच खाऊ द्या, वळली नाही तर भेट संपली. शेपटीवरून फसू नका: कुत्रा सहसा खुशीत शेपूट हलवतो, मांजर वैतागून आपटतं. त्या पोराला शेपूट म्हणजे आमंत्रणच वाटायचं. दोनदा थप्पड खाल्ल्यावर समजलं.

पुढचे काही आठवडे मांजराचं ताट आणि ट्रे रोज बघा. दीड-दोन दिवस खाल्लं नाही तर वाट बघू नका, उपाशी मांजराचं यकृत बिघडतं. बोका असेल आणि ट्रेमध्ये बसून नुसता कुंथत असेल, लघवी येत नसेल, तर रात्र असली तरी त्याच क्षणी डॉक्टर गाठा.

घरी कोणी नसताना दोघांना वेगळं ठेवायचं, आणि हे महिनोन्‌महिने. गोडी झाली की नाही हे मी विचारत बसत नाही. एकाच खोलीत दोघं झोपतात, मध्ये पलंग असतो, तेवढं मला पुरतं. जाळीचं दार अजून तिथेच आहे. मध्यंतरी सुतार दुसऱ्या कामाला आला होता, ‘ताई, हे काढू का आता?’ म्हणाला. मी म्हटलं, राहू द्या, फक्त बिजागरीला तेल सोडा, रात्री कुरकुरते.