जर्मनमध्ये वेळ कशी सांगावी: ‘ऊअर’ नीट वापरायला शिका

जर्मन शिकताना पहिल्या महिन्यातच ‘ऊअर’ हा शब्द भेटतो. उच्चारात ‘ऊ’ लांबवायचा आणि शेवटचा ‘र’ जवळजवळ ‘अ’सारखा सोडून द्यायचा. अर्थ दोन: घड्याळ आणि ‘वाजले’. हे दोन अर्थ सुरुवातीपासून वेगळे ठेवले तर पुढचं बरंच सोपं जातं.

१. आधी घड्याळ. शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘डी ऊअर’ असा आर्टिकलसकटच पाठ करा. अनेकवचन ‘डी ऊरेन’. जोडशब्दाचं लिंग शेवटच्या शब्दावरून ठरतं, त्यामुळे मनगटी घड्याळ ‘डी आर्मबान्टऊअर’ आणि भिंतीवरचं ‘डी वान्टऊअर’. गजराचं घड्याळ मात्र ‘डेअर वेकर’, पुल्लिंगी. घड्याळ पुढे असेल तर ‘डी ऊअर गेट फोर’, मागे असेल तर ‘गेट नाख’, बंद पडलं असेल तर ‘श्टेट’.

२. मग ‘वाजले’. इथे शब्दाचं अनेकवचन होत नाही. ‘द्राय ऊअर’ म्हणजे तीन वाजले, ‘द्राय ऊरेन’ म्हणजे तीन घड्याळं, आणि तीन तासांसाठी वेगळाच शब्द: ‘द्राय श्टुंडेन’. ‘मी तीन तास थांबलो’ हे सांगताना ‘ऊअर’ वापरणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. एक वाजला हे ‘आइन ऊअर’. ‘आइनऽ ऊअर’ म्हटलंत तर ते ‘एक घड्याळ’ होतं. ‘ऊअर’ गाळलं तर ‘आइन्स’ म्हणायचं.

३. विचारा आणि नेमकं सांगा. ‘वी फील ऊअर इस्ट एस?’ म्हणजे किती वाजले? ‘वी श्पेट इस्ट एस?’ हेही तितकंच चालतं. ठरलेल्या वेळेला ‘उम’, सुमारासाठी ‘गेगेन’, पासूनसाठी ‘आप’: ‘उम नॉइन ऊअर’ म्हणजे बरोबर नऊ वाजता.

४. स्टेशनवरची वेळ. रेल्वे, कार्यालयं आणि बातम्यांमध्ये २४ तासांचं घड्याळ चालतं. लिहिताना १४.३५ ऊअर, म्हणजे शब्द शेवटी. बोलताना तो मधे येतो: ‘फीर्त्सेन ऊअर फ्युन्फ-उन्ट-द्रायसिश’. आकडे ऐकताना मराठी माणसाला एक फायदा आहे. आपल्या ‘पस्तीस’मध्येही पाच आधी आणि तीस नंतर, जर्मनमध्येही तसंच.

५. ‘हाल्प’ इथे थांबून शिका. सगळ्यात जास्त गाड्या आणि भेटी इथे चुकतात. ‘हाल्प’ म्हणजे अर्धा, म्हणून ‘हाल्प फीअर’ ऐकताच आपण साडेचार समजतो. खरी वेळ साडेतीन. जर्मन माणूस पुढच्या आकड्याकडे बघतो: चौथा तास अर्धा झाला आहे. त्यामुळे दीड म्हणजे ‘हाल्प त्स्वाय’ आणि अडीच म्हणजे ‘हाल्प द्राय’. आपलं ‘अडीच’ही मुळात ‘अर्धतृतीय’ म्हणजे तिसरा अर्धा, तेव्हा हा हिशेब मराठीला परका नाही. फक्त ‘साडे’च्या सवयीने तो झाकला गेला आहे.

यानंतरची पायरी जरा कठीण. अर्ध्या तासाच्या आसपासच्या मिनिटांचा हिशेब ‘हाल्प’पासूनच करतात. २.२५ म्हणजे ‘फ्युन्फ फोर हाल्प द्राय’, अडीचला पाच कमी. २.३५ म्हणजे ‘फ्युन्फ नाख हाल्प द्राय’. सव्वादोन ‘फिर्टेल नाख त्स्वाय’, पावणेतीन ‘फिर्टेल फोर द्राय’. पूर्व जर्मनीत आणि दक्षिणेच्या काही भागांत मात्र सव्वादोनला ‘फिर्टेल द्राय’ आणि पावणेतीनला ‘द्रायफिर्टेल द्राय’ म्हणतात. तिसऱ्या तासाचा पाव भाग, मग पाऊण भाग. ‘पावणेतीन’ म्हणणाऱ्याला दुसरा लगेच कळतो, पहिल्यात मात्र फसायला होतं.

‘हाल्प’सोबत ‘ऊअर’ लावू नका, आणि बारानंतरचे आकडेही नकोत. ‘हाल्प फ्युन्फत्सेन’ असं कुणी म्हणत नाही.

६. सराव. दीड ते साडेबारा अशा बारा ‘साडे’वेळा कागदावर उलटसुलट लिहा आणि प्रत्येकीला आधी ‘कितवा तास अर्धा झाला?’ विचारून मगच जर्मनमध्ये मोठ्याने म्हणा. शंका राहिली तर समोरच्याला २४ तासांच्या पद्धतीने उलट विचारा: ‘आल्झो फ्युन्फत्सेन ऊअर द्रायसिश?’ म्हणजे, साडेतीनच ना? डॉक्टरची वेळ फोनवर घेताना असं विचारण्यात काहीही वावगं नाही.