गोल्फमध्ये ड्रायव्हरने चेंडू लांब न्यायचा असेल तर

गोल्फच्या सरावाच्या मैदानावर, म्हणजे रेंजवर, अर्धा तास बसून पाहा. चेंडू जवळच पडला की माणूस पुढचा फटका दुप्पट जोराने मारतो आणि तो आणखी अलीकडे पडतो. क्रिकेट खेळून गोल्फकडे वळलेल्यांची ही खोड तर लवकर जातच नाही. अंतर वाढवायचं असेल तर आधी चेंडू क्लबफेसच्या (गोल्फच्या काठीच्या चेंडूला भिडणाऱ्या बाजूच्या) मध्यावर लागायला हवा, मग तो कोणत्या कोनातून उडतो ते सुधारायचं, आणि वेगाच्या मागे त्यानंतर लागायचं.

पहिलं काम, चेंडू कुठे लागतोय ते शोधणं. व्हाइटबोर्डच्या मार्करने ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब फटक्याच्या क्लबचा, फेस रंगवा. तो फडक्याने पुसला जातो. दहा चेंडू मारा आणि प्रत्येक फटक्यानंतर खूण बघा. समजा, क्लबहेडचा वेग ताशी ९० मैल आहे. मध्यावर लागलेला चेंडू साधारण १.४८ पट, म्हणजे ताशी १३३ मैल वेगाने सुटतो. फेसच्या टोकाकडे (दांड्यापासून लांबच्या बाजूला) लागून हेच प्रमाण १.३५ वर आलं, तर १२१ मैलच उरतात. चेंडूच्या वेगातला एकेक मैल साधारण दोन यार्डांचा, म्हणजे वीस-चोवीस यार्ड तिथेच गेले. तेवढे नुसत्या जोराने भरून काढायचे तर क्लबचा वेग ताशी आठेक मैलांनी वाढवावा लागेल, आणि तो महिनोन्‌महिन्यांचा उद्योग आहे.

खुणा टोकाकडे असतील तर चेंडूच्या बोटभर जवळ उभे राहा, हीलकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला, असतील तर बोटभर लांब. सगळीकडे विखुरल्या असतील तर ग्रिप इंचभर खाली धरा. क्लब आखूड होतो, पण फटका मध्यावर बसू लागतो आणि अंतर बहुतेक वेळा वाढतंच.

आता उभं राहणं. (हे उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी, डावखुऱ्यांनी उलट धरावं.) टी (चेंडू ठेवायची खुंटी) एवढी उंच ठेवा की चेंडूचा अर्धा भाग ड्रायव्हरच्या माथ्याच्या वर दिसेल. चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या बाजूच्या रेषेत, पाय खांद्यांपेक्षा किंचित रुंद, उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली. आयर्नने (कमी अंतराच्या फटक्यांच्या क्लबने) चेंडू मारताना क्लब खाली येत असतो. ड्रायव्हरचं उलट आहे: सगळ्यात खालचा बिंदू ओलांडून क्लब वर चढू लागला की चेंडूला भेटायचं. मग चेंडू उंच सुटतो, बॅकस्पिन (चेंडूचं उलटं फिरणं) कमी राहतो आणि तो हवेतच फुगून मेल्यासारखा पडत नाही. सरावासाठी चेंडूंचा रिकामा खोका टीच्या फूटभर पुढे ठेवा. फटका मारल्यावर खोका उडाला, तर क्लब अजून वरून खालीच येतोय.

स्विंगबद्दल तीनच गोष्टी. बॅकस्विंगमध्ये (क्लब मागे नेताना) पाठ लक्ष्याकडे वळू द्या; कंबर आखडलेली असेल तर डावी टाच उचलली तरी चालेल, थोर गोल्फपटू जॅक निकलाउसही उचलायचे. परत येताना सुरुवात खालून करा: डावी टाच जमिनीवर, मग कंबर, मग खांदे, हात सगळ्यात शेवटी. आणि ग्रिप दाबून धरू नका. आवळलेल्या मनगटातून वेग येत नाही.

वेग वाढवायचा व्यायाम फुकटातला आहे. ड्रायव्हर उलटा करून क्लबहेडजवळ धरा आणि अंग गरम झाल्यावर पूर्ण ताकदीने रिकामे स्विंग घ्या. हवेचा ‘सूं’ आवाज चेंडूच्या जागेपाशी किंवा तिच्या पुढे यायला हवा. मागेच ऐकू आला तर वेग आधीच खर्च झाला. आठवड्यातून तीनदा, पाच-पाचचे तीन सेट. पाठ दुखत असेल तर हे करूच नका.

नवा क्लब घ्यायचाच असेल तर लॉफ्ट, म्हणजे फेस मागे किती कललेला आहे तो कोन, बघा. मध्यम वेगाच्या खेळाडूने व्यावसायिकांसारखा ९ अंशांचा ड्रायव्हर मिरवण्यात अर्थ नाही, १०.५ किंवा १२ अंशांनी चेंडू बहुधा जास्त लांब जातो.

प्रगती मोजताना मैदान एकच धरा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. तिथली हवा विरळ, म्हणून चेंबूरला २०० यार्ड जाणारा फटका पुण्यात तीन-चार यार्ड पुढे पडतो, त्यात तुमचं कर्तृत्व काही नाही. पावसाळ्यात तर ओल्या फेअरवेवर (आखूड कापलेल्या गवतावर) चेंडू रुतून बसतो. तेव्हा घरंगळणं सोडून द्या आणि तो हवेतून किती गेला एवढंच मोजा.