खांद्याच्या ऑपरेशनआधी वस्तऱ्याची तयारी

वस्तऱ्याची दाढी दोन हातांची असते. एक हात वस्तरा चालवतो, दुसरा कातडी ताणून धरतो. खांदा डावा असो की उजवा, ऑपरेशननंतर यातला एक हात कामातून जातोच. रोटेटर कफ (खांद्याचा सांधा धरून ठेवणारे स्नायू आणि त्यांचे बंध) शिवला असेल तर साधारण ४ ते ६ आठवडे स्लिंग, म्हणजे हात अडकवून ठेवायची गळ्यातली झोळी असते. त्यामुळे पुढची बहुतेक कामं दोन्ही हात चालू असतानाच उरकून ठेवायची आहेत.

पहिलं काम धारेचं. टांगलेल्या पट्ट्यावर वस्तरा फिरवताना एक हात पट्टा खेचून धरतो, आणि ती ओढ शिवलेल्या खांद्याला मुळीच नको. पट्टा सैल धरला तर मधे झोळ पडतो, धार गोल होते आणि वस्तरा कापायच्या ऐवजी केस ओढायला लागतो. म्हणून लाकडी फळीवर चिकटवलेला चामड्याचा पट्टा आणा आणि ती फळी क्लॅम्पने टेबलाच्या कडेला आत्ताच आवळून टाका. वस्तऱ्याची पाठ पुढे, धार मागे, दाब जवळपास नाहीच, अशा २५-३० फेऱ्या पुरतात. टोकाला वस्तरा नेहमी पाठीवरून पलटवायचा. दगडावर धार लावणं मात्र एका हाताचं काम नाही. जवळ असतील तेवढे तीन-चार वस्तरे आधीच दगडावरून काढा, कोरडे करा, खनिज तेलाचा पातळ हात फिरवा आणि न्हाणीघराबाहेरच्या कपाटात ठेवा. वाफेत ठेवलेल्या कार्बन स्टीलच्या धारेवर गंज चढायला वेळ लागत नाही.

ब्लेड बदलायचा वस्तरा घ्या, पट्ट्याची कटकट मिटेल, असं सांगणारे भेटतील. ते अर्धंच खरं आहे. पट्टा सुटतो, पण तयार ब्लेड चुकीला माफी देत नाही आणि एका हाताने अर्धं ब्लेड बसवणं म्हणजे बोट कापायची हमखास सोय. ब्लेड बसवून देणारं घरात कुणी असेल तरच त्या वाटेला जा.

ऑपरेशन सवयीच्या हाताच्या बाजूचं असेल तर तीन-चार आठवडे आधीपासून दुसऱ्या हाताचा सराव हवा. पहिला आठवडा फक्त सराव करणाऱ्या हाताच्या बाजूचा गाल, कानापासून खाली, सुलट हाताने, म्हणजे केस वाढतात त्या दिशेने. पात्याचा कोन साधारण ३० अंश. यापेक्षा उभं धरलं की कापतं, फारच आडवं ठेवलं की केस ओढतं. आणि सराव करताना सवयीचा हात खिशात ठेवा. नाहीतर तो नकळत गाल ताणायला जातो आणि सराव फुकट. कातडी ताणायचं काम मग चेहऱ्यालाच करावं लागतं: तोंड उलट्या बाजूला खेचायचं, वरचा ओठ दातांवर ताणायचा, ओठांच्या कोपऱ्यापाशी गाल आतून जिभेने रेटायचा. गालांवर हे जमतं. जबड्याच्या कडेला, हनुवटीवर आणि गळ्यावर जमत नाही, कारण तिथली सैल कातडी पात्यापुढे गोळा होते आणि धार त्या घडीत शिरते. हा भाग सेफ्टी रेझर किंवा ट्रिमरवर सोडा, आणि उलटा हात, म्हणजे केसांच्या वाढीविरुद्ध वस्तरा, पूर्ण बंद.

काखेतले किंवा खांद्यावरचे केस ऑपरेशनआधी स्वतः वस्तऱ्याने काढू नका. बारीक ओरखड्यांतून जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. काढायचेच असतील तर हॉस्पिटलमध्ये क्लिपरने काढतात.

बसायची जागाही आधी मांडून बघा. खुर्ची, टेबल, डोळ्यांच्या उंचीवर आरसा. बेसिनवर वाकलं की स्लिंग पुढे लोंबते आणि खांदा ओढला जातो. वाटीखाली ओलं फडकं घातलं की ब्रश फिरवताना ती सरकत नाही. त्याहून सोपं म्हणजे फेस थेट चेहऱ्यावरच करणं. क्रीमचं झाकण फिरकीचं नको, अंगठ्याने उघडणारं हवं. जखमेच्या पट्टीवर पाणी ओघळू नये म्हणून खांद्यावर टॉवेल, चिमट्याने अडकवलेला. टेबलावर आणि पायाखालीही जाड टॉवेल हवाच. वस्तरा हातातून सुटला तर झेलायचा नाही. स्लिंगमधला हात सवयीने पुढे जातो, आणि त्या एका हिसक्यात बोटही जातं, टाकेही जातात.

वस्तरा उघडताना मूठ टेबलावरच्या टॉवेलवर तळव्याखाली दाबा आणि पात्याचं शेपूट (मुठीबाहेर आलेलं मागचं टोक) अंगठ्याने उचला. हे कोरड्या हाताने दहा-बारा वेळा करून बघा. अवघड गेलं तर उघडून द्यायला घरच्यांना सांगा.

ऑपरेशननंतरचे पहिले दिवस वस्तरा पेटीतच राहू द्या. गुंगी आणणाऱ्या वेदनाशामक गोळ्या चालू असताना धारेशी खेळ नको. रक्त पातळ करणारं औषध असेल तर साधा काप जास्त वेळ वाहतो. तुरटी आणि स्वच्छ कापसाचे बोळे हाताशी ठेवा, दाब पाच मिनिटं न उचलता द्या.

स्लिंग सुटली म्हणजे हात परत मिळाला असं नाही. गालाशी वस्तरा धरायला कोपर बाहेर उचलावं लागतं, आणि खांद्याला ते उशिराच जमतं. डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टने हात स्वतःहून उचलायला परवानगी दिल्यावर आधी बंद वस्तरा गालाशी धरून दोन मिनिटं मोजा. हात थरथरला तर आठवडाभर थांबा. नाही थरथरला तर त्या हाताने त्याच बाजूचा एक गाल, उरलेली दाढी सेफ्टी रेझरने. गळा सगळ्यात शेवटी.