बंद खोली, विजेची बचत आणि ताजी हवा
वीज वाचावी म्हणून खिडक्या-दारांच्या फटी रबरी पट्ट्यांनी बुजवल्या, की थंडावा टिकतो खरा. पण श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड, स्वयंपाकाची वाफ आणि नव्या प्लायवूडचा उग्र वास हेही आतच कोंडले जातात. साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवत राहतो, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. म्हणून आराखड्यातच ताज्या हवेची वाट ठेवावी आणि परवडत असल्यास बाहेर जाणाऱ्या हवेतील थंडावा किंवा ऊब आत येणाऱ्या हवेला देणारे यंत्र बसवावे. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ४२० असते; रात्रभर बंद राहिलेल्या शयनगृहात सकाळी मापकावर १,००० च्या वर आकडा दिसला, तर वायुवीजन अपुरे आहे असे समजावे.