रक्त तपासा, पण छातीवरचे दाब चालू ठेवा

मी सोलापुरात रुग्णवाहिकेवर डॉक्टर आहे. हृदय बंद पडलेल्या पेशंटच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब पडत राहिलेच पाहिजेत. हृदय का थांबलं ते कळायला आपण जागेवरच रक्तातली साखर, पोटॅशियम तपासतो, पण रक्त घेणारा माणूस वेगळा हवा. बोटाला टोचू नका, रक्ताभिसरण थांबल्यावर तिथली साखर फसवी येते. शिरेतून घ्या, हळू ओढा. जोरात ओढलं की पेशी फुटून पोटॅशियम खोटं वाढतं. नातेवाइकांना आधी विचारा, "डायलिसिस चालू आहे का? शेवटचं कधी झालं?" डायलिसिस चुकलं असेल तर पोटॅशियम खरंच वाढून हृदय थांबलेलं असू शकतं, म्हणून आकडा येण्याआधीच त्यावरचं कॅल्शियम सिरिंजमध्ये भरून ठेवा.

आणि रक्त तपासायचं यंत्र! मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३ गाठतो, हातात धरायची अशी बरीच यंत्रं तीस अंशांपुढे चालतच नाहीत. मी ते एसीच्या झोतापाशीच ठेवते.