संदर्भाच्या मुळापर्यंत कसं जायचं

एखादा स्रोत तपासताना लेखक कोण, छापलं कुणी, कधी, पैसा कुणाचा: हे चार प्रश्न पाच मिनिटांत उरकतात. संकेतस्थळाचा पत्ता ‘डॉट ऑर्ग’ने संपतो म्हणून विश्वास ठेवा, हा सल्ला मात्र विसरा. तो पत्ता कुणीही विकत घेऊ शकतं.

खरं काम यापुढे. तुमचा स्रोत ज्याचा हवाला देतो, ते मूळ लेखन उघडा आणि वाचा. प्रबंधाच्या वेळी मी इथेच फसले. एका आकड्याला सात संदर्भ मिळाले, मी निर्धास्त झाले. मुळाशी गेले तेव्हा कळलं की सातही जण एकाच जुन्या अहवालावर विसंबले होते, आणि अहवालात तो आकडा निव्वळ अंदाज म्हणून दिला होता. अख्खं प्रकरण पुन्हा लिहिलं. सातजण एकाचंच ऐकून बोलत असतील तर तो एकच स्रोत धरा.

याची किंमत मोठी असू शकते. १९८० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका परिच्छेदाचं पत्र आलं: रुग्णालयात अफूवर्गीय वेदनाशामक औषधं दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी चौघांनाच व्यसन लागल्याची नोंद होती. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात या पत्राच्या ६०८ उल्लेखांची तपासणी छापून आली. बहुतेकांनी ते ‘व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून वापरलं होतं, आणि हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते, हे ८० टक्क्यांहून जास्त उल्लेखांत नव्हतंच. घरी महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल पत्रात अक्षरही नाही. ते वाचायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

म्हणून सारांशावर थांबू नका. तुमचा आकडा नेमका कुठल्या पानावर आहे ते शोधा. तो कुणाबद्दल, किती जणांवर आणि कधी मोजला, हे स्वतःच्या शब्दांत टिपून ठेवा. मूळ मिळालंच नाही, तर जे प्रत्यक्ष वाचलं त्याचाच संदर्भ द्या. न वाचलेल्या लेखाचं नाव सूचीत घालणं मी अप्रामाणिकपणाच मानते.

शेवटी, लेख मागे घेतला गेलाय का ते प्रकाशकाच्या पानावर बघा. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी सुचवणारा, अवघ्या १२ मुलांवरचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९९८ मध्ये छापला आणि २०१० मध्ये मागे घेतला. जुन्या छापील प्रतीवर तशी खूण नसते.