लिनक्स मिंटवर लेझर प्रिंटर आणि डोंगलचं मराठी सॉफ्टवेअर

सांगलीत हरभट रोडजवळ आमचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं, हळदीच्या अडत्यांची बिलबुकं ही आमची रोजची कामं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी दुकानात शिरलं आणि जुना कॉम्प्युटर त्यात गेला. मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे यूएसबीला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडतच नाही ती छोटी किल्ली, तेवढा वाचला, कारण तो मी पर्समध्ये टाकून घरी नेला होता. नव्या मशीनवर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसला मी कंटाळले होते. पण प्रिंटर आणि डोंगल, दोन्ही कंपनीच्या मालकीच्या सॉफ्टवेअरवर चालणारे. ते मिंटवर नीट कसे बसवले, ते सांगते.

आधी प्रिंटर. आमचा एचपी लेझरजेट 1020 आहे. या प्रिंटरमध्ये फर्मवेअर, म्हणजे त्याला आतून चालवणारं सॉफ्टवेअर, साठून राहत नाही, बटण चालू केलं की दर वेळी ते कॉम्प्युटरकडून त्यात जावं लागतं. एचपीचे प्रिंटर लिनक्सवर चालवणारं एचपीलिप मिंटमध्ये आधीपासून असतं आणि ते मुक्त सॉफ्टवेअर आहे. फर्मवेअर मात्र मालकीचं असल्यामुळे ते वेगळ्या प्लगइनमधून, म्हणजे एचपीलिपला जोडायच्या तुकड्यातून, येतं. प्लगइन नसेल तर प्रिंटर यादीत दिसतो, काम रांगेत जातं आणि कागद मात्र जागचा हलत नाही.

प्लगइन आणायला टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा. इंग्रजी छोट्या अक्षरांत एचपी, मग आडवी रेघ, मग प्लगइन असं मध्ये जागा न सोडता टाइप करून एंटर दाबा. त्याच्या आधी सुडो (ॲडमिनच्या अधिकाराने चालवायला लावतात तो शब्द) लावू नका, पासवर्ड लागला की ते स्वतःच मागतं. करार वाचून होकार द्या. मग तसंच एचपी, आडवी रेघ, सेटअप टाइप करून प्रिंटर जोडा आणि तो एकदा बंद करून चालू करा. यानंतर लाईट जाऊन आली तरी काही करावं लागत नाही. यूएसबीवर प्रिंटर दिसला की फर्मवेअर आपोआप जातं.

आता जपायची गोष्ट. प्लगइनची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी जुळावीच लागते. मिंटची मोठी आवृत्ती बदलली की एचपीलिपही बदलतं आणि प्लगइन नव्याने आणावं लागतं. मी गणपतीच्या तोंडावर मिंट बदललं. दुसऱ्या दिवशी दोन मंडळांना पावतीपुस्तकं द्यायची होती आणि प्रिंटर गप्प. केबल बदलली, रांग रिकामी केली, अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी प्लगइन पुन्हा आणलं आणि पहिलं पान निघालं. तेव्हापासून सुरक्षेचे अपडेट मी लगेच घेते, पण मोठी आवृत्ती लग्नसराईत किंवा श्रावणापासून अनंत चतुर्दशीपर्यंत बदलत नाही.

आता डोंगल. बहुतेक जण आधी वाइन वापरून बघतात. वाइन विंडोजच्या प्रोग्रॅमला लागणाऱ्या गोष्टी लिनक्सवर पुरवतं, पण डोंगलचा ड्रायव्हर विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, बसणारा असतो आणि तो वाइनमध्ये चालत नाही. सॉफ्टवेअर उघडतं आणि ‘डोंगल सापडला नाही’ म्हणून बंद होतं. त्यात दिवस घालवू नका. पावत्यांना नंबर टाकायचा आमचा छोटा जुना प्रोग्रॅम वाइनवर छान चालतो, कारण त्याला कसलं कुलूपच नाही. अशा प्रत्येक प्रोग्रॅमला वाइनचं वेगळं फोल्डर द्या. म्हणजे एकासाठी केलेली जोडणी दुसऱ्याला बिघडवत नाही.

कुलूपवाल्यासाठी व्हर्च्युअल मशीनच हवं, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालणारा दुसरा कॉम्प्युटर. आधी बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच उघडायच्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का बघा. इंटेलवर ते व्हीटी-एक्स नावाने आणि एएमडीच्या बऱ्याच बोर्डांवर एसव्हीएम नावाने असतं. मग सॉफ्टवेअर मॅनेजरमधून व्हर्च्युअलबॉक्स घ्या आणि त्यात तुमच्या लायसन्सचं विंडोज बसवा. माझ्या आठ जीबीच्या मशीनवर मी त्याला दोन जीबी मेमरी दिली आहे, विंडोज 7 ला तेवढी पुरते.

सिक्युअर बूट (सुरू होताना सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असेल तर व्हर्च्युअलबॉक्स बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. साधे आठ आकडे ठेवा आणि कागदावर लिहा. पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो आणि तो काही सेकंदच थांबतो. लगेच कळ दाबा, ‘एनरोल एमओके’ निवडा आणि तेच आकडे टाका. ही संधी हुकली तर व्हर्च्युअलबॉक्सचे मॉड्यूल (त्याला लागणारे तुकडे) कर्नलमध्ये चढत नाहीत आणि व्हर्च्युअल मशीन सुरू होत नाही. चूक शोधताना या पडद्याची आठवणही राहत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते.

डोंगल आत दिसण्यासाठी आपलं नाव ‘व्हीबॉक्सयूजर्स’ या गटात घालावं लागतं. सेटिंगमधल्या ‘युजर्स अँड ग्रुप्स’मधून ते होतं. मग लॉगआउट करून पुन्हा आत या, नुसती खिडकी बंद करून भागत नाही. डोंगल लावून व्हर्च्युअल मशीनच्या यूएसबी सेटिंगमध्ये त्याचा फिल्टर जोडा, म्हणजे मशीन सुरू होताच डोंगल त्याला मिळतो.

विंडोज 7 चे सुरक्षा अपडेट जानेवारी 2020 मध्ये थांबले, म्हणून त्या मशीनचं नेटवर्क कार्ड मी काढून टाकलं आहे. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह लिनक्समध्येच उघडते आणि हवी ती फाइल शेअर्ड फोल्डरमधून आत देते. त्यासाठी विंडोजमध्ये व्हर्च्युअलबॉक्सचे गेस्ट ॲडिशन्स हे जोड-सॉफ्टवेअर टाकावं लागतं. प्रिंटर आत जोडूच नका. जुन्या मराठी फाँटमध्ये अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या कोडवर बसवलेली असतात, त्यामुळे तो फाँट नसेल तिथे पत्रिकेचा मजकूर इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन दिसतो. आतच फाँट बसवलेली पीडीएफ करा, शेअर्ड फोल्डरमध्ये टाका आणि लिनक्समधून छापा. नवी कामं मी आता युनिकोडमध्ये स्क्रायबस या पानं मांडायच्या मुक्त सॉफ्टवेअरवर घेते, त्याच्या 1.6 आवृत्तीत जोडाक्षरं नीट येतात. जुन्या गिऱ्हाइकांच्या फाइलींसाठी डोंगल लागतोच.

बाकीचं सोपं. झूम सॉफ्टवेअर मॅनेजरमधल्या फ्लॅटपॅक या प्रकारातून घ्या. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ड्रायव्हर मॅनेजर ‘शिफारस’ म्हणून दाखवेल तोच ड्रायव्हर निवडा, तिथेही निळा पडदा येऊ शकतो.

प्रत्येक मोठ्या अपडेटआधी मिंटमधल्या टाइमशिफ्टने सिस्टिमची नोंद, म्हणजे बिघडलं तर मागे जाता येईल अशी प्रत, घ्या. पण टाइमशिफ्ट आपल्या फाइलींचं होम फोल्डर आपणहून धरत नाही आणि व्हर्च्युअल मशीन नेमकं होममध्येच असतं. त्याची प्रत वेगळी घ्यावी लागते. आतलं विंडोज पूर्ण शटडाउन करून, नुसतं थांबवून नव्हे, मी दर शनिवारी मशीनचं अख्खं फोल्डर एक्स्टर्नल डिस्कवर उतरवते. ती डिस्क दुकानात राहत नाही. रविवारी मिरजेला माहेरी जाते तेव्हा ती आईच्या कपाटात वरच्या खणात ठेवते आणि आधीची परत आणते. डोंगल मात्र रोज संध्याकाळी माझ्याबरोबर घरी येतो.